महिन्यात संपलेला पंप

आमच्या घरात वस्तूच्या आधी तिची किंमत शिरते. पिशवी खाली ठेवायच्या आत मी दारातूनच सांगायला लागते, भेंडी काय भावाने दिली, टँकरवाला किती मागत होता आणि मी त्याला काय सुनावलं. नवरा म्हणतो, हिच्याबरोबर राहिलं की पेपर घ्यावा लागत नाही, बाजारभाव घरपोच मिळतात. मला ह्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी ओरडते ती कंपन्यांवर, दुकानदारांवर, फार तर सरकारवर. पण ऐकायला घरातलीच माणसं असतात, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आणि त्याचा त्रास मला झाला नाही, माझ्या वडिलांना झाला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आम्हीच काय, अख्खा येरवडा म्हणायचा. त्यांची तिथे पिठाची गिरणी होती. भाड्याचा गाळा, एक चक्की गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. शाळेतून आले की मी गिरणीच्या दारात दप्तर टाकायचे. अण्णा भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे होऊन डबे लावत असायचे. रोज एखादी बाई डबा उचलून बघायची, पुन्हा खाली ठेवायची आणि म्हणायची, "अण्णा, दळण कमी आलंय." दळताना थोडं पीठ दगडात राहतं, थोडं हवेत उडतं, हे तिलाही ठाऊक असायचं. तरी ती म्हणायची. अण्णा वाद घालत नसत. आपल्या डब्यातलं मूठभर पीठ तिच्या डब्यात टाकायचे आणि पुढचं दळण घ्यायचे.

उडालेलं पीठ जायचं कुठे, ते आता कळलं. जन्मभर ते त्यांच्या छातीत जात होतं.

आई गेली, घरोघरी छोट्या घरगुती गिरण्या आल्या, गाळामालकाला जागा परत हवी होती. मी एकुलती एक. अण्णांना वाघोलीला आमच्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं, कारण मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या पिढीतले ते. पहिले काही महिने सोफ्याच्या कडेला बसायचे, पाहुण्यासारखे. जेवलेलं ताट स्वतः घासून ठेवायचे. खोलीतून दोन मिनिटांसाठी बाहेर पडले तरी पंखा बंद. मी वैतागून म्हणायचे, "अण्णा, हे तुमचंच घर आहे." ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि पंखा बंद करायचे.

वाघोलीची हवा त्यांना मानवली नाही. समोर बारा मजली इमारत उठत होती, दिवसभर डंपर, सिमेंट, मुरूम. गिरणीत असताना त्यांना धाप लागायची, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून तोंडाने ओढायचा निळा पंप आणायचे आणि वेळ मारून न्यायचे. इथे आल्यावर मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं, निळा पंप धाप लागली तरच. पण हा दुसरा रोजचा. दोन पफ, म्हणजे दोनदा दाबून ओढायचं, सकाळी, दोन रात्री. बरं वाटत असलं तरी घ्यायचा, आणि नंतर चूळ भरायची. अण्णांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली.

तो रोजचा पंप घेऊन आम्ही घरी आलो. अण्णा दारात चपला काढत होते, नवरा आत चहा ठेवत होता, आणि मी सवयीप्रमाणे सुरू झाले. "एवढीशी डबी, आणि किंमत बघा. सोनं भरलंय की काय आत? लुटायला बसलेत नुसते." आणि आकडा सांगितला. दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा नवऱ्याला गॅसच्या आवाजात ऐकू गेला नाही. अण्णांनी माझ्या हातातून खोकं घेतलं, उलटं केलं आणि चष्मा वर सारून छापलेली किंमत वाचली. मग खोकं घेऊन खोलीत गेले.

तो पंप दोन महिने पुरला. त्यानंतरचाही तेवढाच पुरला. पंप किती पुरायला हवा हे मला माहीत नव्हतं, मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली नव्हती. भाव वाचायला मात्र मला चष्मा लागत नाही. उलट मी त्यांचं कौतुक केलं. शेजारच्या वहिनींना सांगितलं, आमचे अण्णा वस्तू किती जपून वापरतात. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पंप पुरत होता, पण अण्णांचा दम पुरत नव्हता. जिना अर्धा चढून थांबायचे, उशांना टेकून बसल्याबसल्या झोपायचे. डॉक्टर विचारायचे, "औषध नियमित ना?" अण्णा म्हणायचे, "व्हय." मी म्हणायचे, "धूळ फार आहे हो आमच्याकडे."

एवढं महाग औषध आणि गुण बेताचा, म्हणून मी स्वस्ताच्या मागे लागले. ह्या कामात मी पटाईत आहे. आधी मोबाइलवरची औषधांची दुकानं पाहिली. तिथे सवलत होती, पण बरोबर आणखी काय काय घेतलं तर. मग माझ्या कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की पावडरच्या कॅप्सूल छोट्या यंत्रात घालून ओढतात, ते स्वस्त पडतं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अण्णांना तिथेच ते यंत्र ओढायला दिलं, आणि अण्णांच्याने ते ओढवलं नाही. त्याला जोरात श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, ह्यांना पंपच हवा, पण एक करा, स्पेसर घ्या, म्हणजे औषध घशाला न चिकटता छातीत जाईल. प्लास्टिकचं ते नळकांडं एकदाच घ्यायचं होतं, घेतलं. मग मी जेनेरिकचं विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाची मूळ नावं लिहून दिली. म्हणाले, "घटक हेच आणि मात्रा हीच असेल तर बिनधास्त घ्या. घेतलं की मला एकदा दाखवा."

येरवड्यात जेनेरिक औषधांचं एक दुकान सापडलं, अण्णांच्या जुन्या गिरणीपासून दोन गल्ल्यांवर. निम्म्याहून कमी किंमत. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांचा होकार आला. त्या संध्याकाळी मी दारातून आत येताना जी काही मिरवत आले, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो. तरीही माझ्या सगळ्या बडबडीत अण्णांच्या कामी आली ती फक्त त्या दिवशीची.

"एवढा फरक?" अण्णांनी विचारलं.

"मग काय. नावाचे पैसे घेतात हो हे लोक."

जेवताना त्यांनी परत विचारलं, "औषद तेच हाय ना पन?"

"तेच आहे. अगदी तेच."

त्यानंतर अण्णा बदलले. आधी कळलंच नाही, मग एकेक दिसायला लागलं. सकाळी दूध आणायला स्वतः खाली गेले. वॉचमन मराठवाड्यातला, त्याच्याशी ज्वारीवरून हुज्जत घालून आले. एका उशीवर आडवे झोपायला लागले. एकदा मी पिशवीतलं आयतं पीठ मळत होते, तर चिमूटभर बोटांत चोळून म्हणाले, "ह्यात जीव नाय गं," आणि कुठे चांगलं दळून मिळतं ते शोधायला रस्त्यापर्यंत चालत गेले. मी नवऱ्याला म्हटलं, बघितलंस? समोरच्या इमारतीवरची जाळी उतरली, धूळ कमी झाली, तसे अण्णा सुधारले. म्हणजे श्रेय मी बिल्डरला देऊन मोकळी झाले.

महिना होतो न होतो तोच अण्णा म्हणाले, "पंप संपला वाटतं."

"संपला? इतक्यात?"

मी तो हलवून पाहिला, बेसिनवर धरून दाबून पाहिला. खरंच रिकामा. आणि माझं डोकं फिरलं. महागाचा दोन महिने जातो आणि हा एकाच महिन्यात? म्हणजे अर्धाच भरलेला असणार. स्वस्त देतात ते असं. मला फसवलं ह्याचा राग होता, आणि त्याहून मोठा राग असा की मी फसले.

त्याच आठवड्यात येरवड्यात एका नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. परत येताना मी रिक्षा त्या दुकानापाशी थांबवली. अण्णा म्हणाले, "भांडू नगंस." मी ऐकलं नाही. तेही मागोमाग उतरले. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, त्यातल्या एकदोघांनी अण्णांना ओळखून नमस्कारही केला. त्यांच्यासमोर मी दुकानदाराला म्हटलं, "तुमचा पंप महिन्यात संपला. औषध भरता की नुसती हवा?"

तरुण माणूस होता. म्हणाला, "ताई, मी भरत नाही. सीलबंद येतं तसं देतो."

"मग काय देताय ते बघून देत जा. म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाशी खेळ आहे हा."

हे वाक्य मी बोलले. त्या माणसाला, अण्णांच्या समोर. तो काहीतरी सांगायला लागला होता, पण मी वळून बाहेर पडले होते.

रिक्षा गल्लीतून निघाली तेव्हा अण्णा म्हणाले, "चारचौघांत असं बोलाया नको व्हतं. दळण कमी आलं म्हनाय बायकांना काय लागतंय."

"तुम्ही फार साधे आहात," मी म्हटलं. त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मला वाटलं, जुन्या गल्लीकडे बघताहेत. आता वाटतं, सांगावं की नाही ह्याचा विचार करत असतील. खरं सांगितलं असतं तर त्यांना आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी महागाचा पंप आणला. दारातूनच जाहीर केलं, "अण्णांच्या बाबतीत काटकसर नाही. लागले एवढे पैसे तर लागू देत." आणि ते एवढे म्हणजे किती, तेही सांगितलं. सवयच आहे.

"तोच चालला असता गं," अण्णा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." मला स्वतःचा अभिमान वाटत होता. बापासाठी पैशाकडे न बघणारी मुलगी.

पंप पुन्हा पुरायला लागला. पहाटेचा खोकला परत आला. दुसरी उशी आली, मग तिसरी. दूध आणायला नवरा जायला लागला. समोरच्या इमारतीत आता माणसं राहायला आली होती, बाल्कन्यांत कपडे वाळत होते, तरी मी धुळीलाच दोष देत राहिले. मग एका रविवारी दुपारी, जेवणं चालली असताना, अण्णांचा घास हातातच राहिला. श्वास आत जाईना. छाती वरखाली होत होती आणि ओठांचा रंग बदलत होता. निळा पंप ओढला, परत ओढला, काही उपयोग झाला नाही. नवऱ्याने गाडी काढली. नगर रोडवर नेहमीचीच गर्दी, आणि मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून माझा बाप श्वासासाठी झगडत होता. दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत ते बोलायला लागले. पहिलं वाक्य काय, तर "तुझी भाजी राहिली गॅसवर."

सोडल्यावर आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि मला विचारलं, "रोजचा पंप एक किती दिवस जातो ह्यांना?"

मी सांगितलं, दोन महिने आरामात. मग मला राहवलं नाही, तो जेनेरिकवाला कसा महिन्यात संपला, मी कसं त्याला झापलं आणि लगेच चांगला पंप कसा सुरू केला, तेही सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "महिन्यातच संपायला हवा तो. चार पफ रोजचे धरले तर महिनाच जातो." मग ते अण्णांकडे वळले. आवाज चढवला नाही. "काका, तुम्ही किती घेता?"

अण्णा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. "एक सकाळी, एक रात्री."

"मी दोन-दोन सांगितले होते ना?"

"स्वस्तातला व्हता तवा दोन-दोन घ्यायचो."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. किंमत वाढली की मागणी घटते, हे दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर रेघ काढून शिकवते. माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलाला लागून असलेल्या खोलीत, एक माणूस माझ्या ओरडण्याच्या हिशोबाने श्वास घेत होता आणि मी त्याला काटकसरी म्हणून शाबासकी देत होते. जो पंप त्यांना पूर्ण मिळत होता तो मीच बंद केला. प्रेमाने, थाटामाटात बंद केला.

डॉक्टरांनी परत तीच चिठ्ठी लिहिली, औषधांच्या मूळ नावांची.

परत येताना रिक्षात मी अण्णांचा हात धरला. त्यांच्या तळव्याला अजून घट्टे आहेत. म्हटलं, "अण्णा, मी सारखी पंपाच्या किमतीवरून बोलायचे. तुम्हाला उद्देशून नव्हतं हो ते. माझं चुकलं."

"कवा बोललीस?" ते म्हणाले. "माझ्या तर ध्यानातबी नाय."

माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. इतकं की मी नाक पुसून हसलेसुद्धा. मला वाटलं, म्हातारा माणूस, विसरला असेल. महाग आहे एवढं त्यांनी खोक्यावरच वाचलं असेल. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मी गाढ झोपले.

सकाळी ते म्हणाले, "एक काम कर माझं. त्या पोराला सांगून ये."

"कुठल्या पोराला?"

"दुकानवाल्या. त्याचा माल पुरा व्हता म्हनावं. माघारी येऊन कुनी सांगितलं तर बरं वाटतं मान्साला."

मला जायचं नव्हतं. अण्णांची माफी मागणं सोपं होतं, ते माझे होते. परक्या माणसासमोर काउंटरवर उभं राहून चूक कबूल करायची म्हणजे जिवावर आलं. नवऱ्याकडून पंप मागवावा असंही मनात आलं. पण अण्णा रोज विचारत होते, "गेलतीस?" शेवटी कॉलेज सुटल्यावर गेले. गर्दी ओसरेपर्यंत बाहेर उभी राहिले. मग आत जाऊन म्हटलं, "मागे मी तुम्हाला फार बोलले होते. पंप अर्धा भरलेला आहे म्हणून. तो पूर्ण होता. चूक आमची होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पंपाचं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. "असेल ताई. रोज इतके जण बोलून जातात, कुठे लक्षात ठेवू? पिशवी हवी का?"

सुटल्यासारखी घरी आले. अण्णा गॅलरीत बसले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं. त्याला काही आठवतसुद्धा नव्हतं. उगाच मी इतके दिवस घाबरत होते."

अण्णांनी खोकं हातात घेतलं. ह्या वेळी मी दारातून किंमत सांगितली नव्हती. त्यांनी चष्मा वर सारून छापलेली वाचली.

"ध्यानात असतंय त्याच्या," ते म्हणाले.

"मग तसं का म्हणाला?"

"तसं म्हनायचं असतं. मानूस माघारी आलाय, त्याला आनि किती लाजवायचं? मीबी तसंच म्हनायचो गिरनीत. कुठली बाई कवा काय बोलली, सगळं ध्यानात हाय माझ्या."

खाली कुणीतरी डंपर मागे घेत होतं, त्याची पीं पीं चालू होती. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. डॉक्टरांकडून येताना रिक्षात ते मला काय म्हणाले होते, ते त्यांनाही त्याच क्षणी आठवलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग घाईने खोकं फोडायला घेतलं.

पंप हलवला, स्पेसरला लावला, एकदा दाबला आणि सावकाश श्वास ओढला. थोडं थांबले. मग माझ्याकडे बघत, मला दिसेल असा, दुसऱ्यांदा दाबला. आणि चूळ भरायला उठले.